टेकाडाची हद्द

सर्व पुणेकरांना, त्यातही पेठेतल्या पुणेकरांना आधी खुर्चीवर नीट बसवून, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, आपल्याच शहरात, भर दुपारी, एका सुशिक्षित माणसाने शनिवारवाड्याला 'अलीकडचं बांधकाम' म्हटलेलं आहे. मी साक्षीदार आहे. माझ्या हातात तेव्हा उपम्याची बशी होती आणि चमचा तोंडापाशी थांबला होता.

घटनास्थळ, आमच्या वाघोलीच्या कॉलेजची स्टाफरूम. आमचे हेडक्लार्क सदाशिव पेठेतले. रोज स्वारगेटहून बस पकडून वाघोलीला यायचे आणि आपण परमुलखात चाकरीला आहोत अशा चेहऱ्याने मस्टरवर सही करायचे. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढ्या वेळात कुणीही माफी मागू शकलं असतं. समोरच्याने मागितली नाही. तेव्हा हेडक्लार्कनी अतिशय मऊ आवाजात विचारलं, "मग आपण जुनं कशाला म्हणता?"

"तीन हजार वर्षांच्या मागचं असेल तर जुनं," सर म्हणाले. "त्याच्या अलीकडचं सगळं मी चालू वर्षाच्या खर्चात धरतो."

सर अकाउंट्स शिकवायचे, हे सांगायचं राहिलं.

पोरं त्यांना टेकाडसर म्हणत. खरं नाव मी सांगणार नाही, आणि सांगितलेलं त्यांनाही चालणार नाही. "नावं टिकत नाहीत मॅडम," ते म्हणायचे, "मडकी टिकतात." एकदा गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांचं स्वागत करताना ते स्टेजवरच पाहुण्यांचं नाव विसरले, तेव्हा हेच वाक्य त्यांनी माइकमध्ये म्हटलं होतं. पाहुणे पुढे तासभर बोलले. पण त्यांच्या भाषणात जीव नव्हता.

आता टेकाड. नगर रस्त्याने वाघोली मागे टाकून बरंच पुढे गेलात आणि नदीच्या अंगाला वळलात की एक गाव लागतं. गावाच्या कडेला पांढरीचं टेकाड आहे. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी-पांढरी माती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकाच जागी राहिली, चुली पेटवल्या, भिंती लिंपल्या, त्या पडल्या की त्यावरच पुन्हा लिंपल्या, की त्या सगळ्याचं मिळून असं टेकाड होतं. फार पूर्वी तिथे कुणी तज्ज्ञ मंडळी येऊन खणून गेली. त्यांना घरांच्या जमिनी सापडल्या आणि त्या जमिनींच्या खाली माणसं सापडली. त्या लोकांची रीतच तशी होती. आपलं माणूस गेलं की गावाबाहेर न्यायचं नाही. घरातच, पायाखालच्या जमिनीत, निजवायचं; तान्हं असेल तर मडक्यात घालून. मोजमापं झाली, फोटो झाले, खड्डे पुन्हा बुजवले गेले. सरकारने तारेचं कुंपण घातलं आणि एक निळी पाटी लावली. स्मारक संरक्षित आहे, नुकसान केल्यास शिक्षा होईल, वगैरे. पाटीवरची निम्मी अक्षरं गंजून गेल्यामुळे शिक्षा नक्की काय होईल ते आता कळत नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेकाड कुठे आहे म्हणून चारी बाजूंना बघत होते. सर म्हणाले, "मॅडम, आपण त्यावर उभ्या आहात."

बाकी तिथे बघण्यासारखं काही नाही. वेड्या बाभळी, शेळ्यांच्या लेंड्या, खापऱ्या. आणि दर रविवारी, पावसाळा धरून बाराही महिने, आमचे सर. उंच, काटकुळे, काखेत छत्री, स्कूटरच्या हुकाला केरसुणी. कुणी रविवारी गणपतीला जातो, कुणी सासुरवाडीला. सर म्हणायचे, "मंडळींकडे जाऊन येतो." सांगाडा, प्रेत, पुरलेले, असले शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मंडळी. तिथे जाऊन ते वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या गोळा करायचे, हलक्या हाताने केरसुणी फिरवायचे आणि मग एका दगडावर बसून राहायचे. मी एकदा विचारलं, नुसतं बसून काय करता? तर म्हणाले, समाचाराला गेल्यावर आपण काय करतो? बसतो.

सरांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. शांत बाई. त्या म्हणाल्या, "यांना जिवंत नातेवाईक दोन दिवसांच्या वर सोसत नाहीत. ती मंडळी कशी सोसतात याचं मला कौतुक वाटतं. पण ती बोलत नाहीत ना."

माणूस एकदा अशा मोठ्या घड्याळावर जगायला लागला की आपल्या छोट्या घड्याळांची फार पंचाईत होते. पेपर तपासून द्यायची तारीख उलटून जायची. प्राचार्य निरोपावर निरोप पाठवायचे. सर म्हणायचे, घाई कुणाला आहे? मंडळी केव्हाची थांबलीत. वर्गात घसारा शिकवताना त्यांनी यंत्राचं उदाहरण कधी घेतलंच नाही. परीक्षेत प्रश्न घातला: एक मातीचं मडकं, वय तीन हजार वर्षं, दरसाल ठराविक टक्के घसारा, तर आजची किंमत काढा. बिचाऱ्या पोरांनी पानंच्या पानं आकडेमोड केली. ज्यांचं उत्तर शून्य आलं त्यांना सरांनी तेवढेच मार्क दिले. पालक भांडायला आले. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि खिशातून एक खापरी काढून विचारलं, "टाकून देऊ?" एकही पालक 'द्या' म्हणाला नाही. काय कारण असेल ते असो, माणसाच्या हातात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्तू ठेवली की तो गप्प होतो. मग सर म्हणायचे, "बघा, शून्य नाही."

वाघोली तेव्हा दर महिन्याला एका बिल्डिंगने वाढत होती. जिथे पायाचा खड्डा खणला जाई, तिथे सर काठावर जाऊन उभे राहत. हात मागे, छत्री काखेत, नजर खड्ड्याच्या भिंतीवर. खड्ड्यात काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली खडक, एवढंच असायचं. पण न जाणो. खाली काम करणारे आधी बुचकळ्यात पडायचे, मग सावध व्हायचे, मग मुकादम धावत यायचा. कारण अशा थाटात, काही न बोलता, खड्ड्याकडे बघत उभा राहणारा माणूस महानगरपालिकेचाच असणार. एका साइटवर तर सरांना खुर्ची आणली, शहाळं फोडून दिलं, आणि ठेकेदाराने स्वतः येऊन हात जोडून सांगितलं की साहेब, परवानगी चार दिवसांत येतेय. सर शहाळं संपवून म्हणाले, "तुमच्याकडे काहीच नाही हो." ठेकेदाराचा चेहरा पडला. त्याने काम तीन दिवस बंद ठेवलं. सरांना यातलं काहीच कळलं नव्हतं; ते मला कौतुकाने सांगत होते की वाघोलीचे लोक फार अगत्यशील आहेत.

आणि मग स्टाफची सहल. ती कल्पना कुणाची होती ते मी सांगणार नाही, कारण ती माझी होती. सगळा स्टाफ एका रविवारी दोन गाड्या करून टेकाडावर गेला. सरांनी निघण्यापूर्वीच सूचना दिल्या: मोठ्याने बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, आणि निघताना कुणीही 'येतो' म्हणायचं नाही. समाचाराच्या घरातून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही, तसं. स्टाफ बिचारा शिस्तीत, हळूहळू, एकामागून एक चढला. वर पोहोचल्यावर सरांनी हात पसरला. समोर बाभळी होत्या.

मग हेडक्लार्कनी टोपी काढून, खरोखरच समाचाराला आल्यासारखं, सरांना विचारलं, "जाऊन किती दिवस झाले म्हणालात?"

"तीन हजार वर्षं."

"मग सुतक फिटलं असेल. भजी काढा."

आणि भजी निघाली. मला वाटलं, सर आता रागावतील. ते हसले, इतके हसले की त्यांना त्या दगडावर बसावं लागलं. पुढे कितीतरी दिवस ते हे वाक्य वर्गात सांगायचे. मात्र भज्यांचे तेलकट कागद त्यांनी स्वतः वेचले आणि कोपऱ्यात राहिलेली एक मिरची सुद्धा उचलली.

सर विदर्भातले. पुण्यात तीस वर्षं काढून त्यांनी इतकं पुस्तकी बोलणं कमावलं होतं की पेठेतल्यांनाही आपण गावंढळ आहोत असं वाटावं. पण चिडले की आतून चंद्रपूर बाहेर यायचं. "काऊन बाप्पा?" असा त्यांच्याकडचा 'का?' आला की समजायचं, आज काही खरं नाही. एकदा टेकाडावरून परतताना मी सहज विचारलं की हे वेड लागलं कधी? त्यांनी सांगितलं ते फार थोडक्यात. त्यांच्या लहानपणी गावाबाहेरच्या रानात मोठमोठ्या दगडांची वर्तुळं होती. आत, खाली, फार जुनी माणसं पुरलेली, असं म्हणत. पोरं त्या वर्तुळांत खेळायची. मग रस्त्याचं काम निघालं, ट्रॅक्टर आले, दगड फोडून खडी झाली. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, विचारायला कुणी नव्हतं.

"आमच्या गावची मंडळी रस्त्यात गेली मॅडम," ते म्हणाले. "त्यावरूनच बसमध्ये बसून मी पुण्याला आलो."



एवढ्यावरून तुम्हाला हे कळलं असेल की सरांसाठी त्या कुंपणाला किती अर्थ होता. पण गंमत अशी की सरांचं सगळ्यात मोठं भांडण कुंपणाशीच होतं. त्यांचं म्हणणं, कुंपण चुकीच्या जागी घातलंय. टेकाड त्याच्या खूप पुढे, पार गावाच्या कडेच्या घरापर्यंत पसरलेलं आहे. वर माती सपाट झाली म्हणून खालची मंडळी उठून गेली का? संबंधित कार्यालयाला त्यांनी यावर इतके अर्ज केले होते की त्यांना पोच देणारा माणूस रिटायर होऊन त्याच्या जागी दुसरा आला होता. अर्जांवर कधीच काही झालं नाही. सर दर वर्षी नवा अर्ज करत आणि म्हणत, घाई कुणाला आहे?

गावाच्या कडेचं जे घर म्हणाले ना मी, ते आक्कांचं. आक्का म्हणजे सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ बाई. लेक रस्त्यापलीकडे राहायचा. सर टेकाडावरून उतरले की आक्कांच्या ओसरीवर टेकायचे, आणि आक्का गुळाचा चहा करायच्या. चहा पिता पिता सर दर रविवारी त्यांना सांगायचे की आक्का, तुमच्या अंगणाखालीसुद्धा मंडळी आहेत बरं का. आक्का म्हणायच्या, "असू द्या की. म्या कुठं भाडं मागतीय त्यांच्याकडं?"

या आक्कांना एकच गोष्ट हवी होती. घराला लागून न्हाणी आणि संडास. गुडघे गेले होते. डबा घेऊन बांधापर्यंत जायचं, तेही पहाटेच्या अंधारात. आदल्या पावसाळ्यात त्या बांधावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. लेकाने अखेर गवंडी बघितला, विटा आणल्या, मागच्या बाजूला खड्डा खणला.

आणि इथे आमच्या सरांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात कर्तबगार चूक केली.

थंडीचे दिवस होते. त्या रविवारी उसाच्या ट्रॉल्यांनी नेहमीची वाट अडवली होती, म्हणून सर नदीकडून, उलट्या बाजूने, टेकाडाकडे आले. लांबून त्यांना चुन्याच्या फक्कीच्या रेघा दिसल्या, विटांचा ढीग दिसला, ताजा खड्डा दिसला. आता घर मागून कुणी ओळखतं का? आपण माणसाला चेहऱ्याने ओळखतो, आणि सर त्या घराला ओसरीने ओळखत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ ट्रॅक्टर आणि खडी उभी राहिली. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइल काढला, फोटो काढले, कार्यालयाला पाठवले, वर फोनही लावला, आणि चहा न पिता तडक घरी आले.

इतकी वर्षं त्यांचा एक अर्ज जागचा हलला नव्हता. ही तक्रार चार दिवसांत हलली. काम थांबवण्याचा हुकूम निघाला.

पुढच्या रविवारी सर आक्कांच्या ओसरीवर बसले असताना आक्कांनी त्यांच्या हातात कप दिला आणि सांगितलं की कुणीतरी मेल्याने चुगली केली, न्हाणी बंद पडली. मग त्या मेल्याच्या न्हाणीत काय निघो आणि त्याच्या गुडघ्यांचं काय होवो, हे सविस्तर सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चहा पूर्ण प्याले.

सोमवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या न्हाणीत साप निघणार आहे."

मला वाटलं, वहिनींशी भांडण झालं. मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारी अधिकारी मोजणीला येणार होता. स्कूटरवर एकट्याने जायचा सरांना धीर होत नव्हता. मी माझी गाडी काढेन का? मी रजा टाकली. रजेच्या अर्जावर सही घ्यायला गेले तर हेडक्लार्कनी कारण विचारलं आणि मग स्वतःचाही अर्ध्या दिवसाचा अर्ज लिहिला. "इतक्या जुन्या वादाचा निकाल," ते म्हणाले, "असा रोज लागत नाही."

गाडीत सर माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, आक्कांना खरं सांगणार का? ते खिडकीबाहेर बघत राहिले. हेडक्लार्क मागच्या सीटवरून, अजिबात न विचारता, म्हणाले की सांगण्यासारखं बरंच काही माणूस योग्य वेळेची वाट बघत ठेवतो, आणि मग ते दुसराच कुणीतरी सांगतो.

तसंच झालं. अधिकारी तरुण होता, हातात टेप, चेहऱ्यावर आदर. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने सरांना नमस्कार केला आणि आक्कांच्या देखत म्हणाला, "तक्रार आपणच केली होती ना सर? फोटो फार चांगले होते."

आक्का ओसरीवर बसल्या होत्या. समोर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घातलेलं, आणि त्यावर त्यांचा हात. मला आठवतं, कारण कोंबड्या सगळ्या अंगणात फिरत होत्या. आक्कांनी सरांकडे बघितलं. मोठा आवाज केला असता तर बरं वाटलं असतं.

"माझ्या दारात बसून चा प्यालात व्हय, मास्तर?"

सरांनी मान खाली घातली. हो म्हणाले.

त्यानंतर मोजणी झाली. खड्डा अर्धा बुजलेला होता, त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. सगळं लक्ष टेपकडे. कुंपणापासून मोजलं तर न्हाणीची जागा बांधकामाला बंदी असलेल्या अंतराच्या थोडी बाहेर पडत होती. म्हणजे बांधायला हरकत नव्हती. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण त्या पोराने टेप गुंडाळली नाही. तो म्हणाला की सरांचे अर्ज त्याने सगळेच्या सगळे वाचलेत, नोकरीला लागल्यावर पहिलं तेच वाचलं. आणि ते त्याला पटतात. टेकाड कुंपणाच्या पुढे आहे असं त्यालाही वाटतं. तसं असेल तर ही जागा टेकाडावरच येते आणि इथे वीटसुद्धा ठेवता येणार नाही. फाइल त्याच्या हातात होती. आज जे ठरेल ते तो लिहून वर पाठवणार होता.

"सर, या टेकाडाला तुमच्याइतकं कुणीच ओळखत नाही," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. कुठे संपतं?"

आता बघा हं. वीस वर्षं हा माणूस ज्या एका प्रश्नाची वाट बघत होता, तो प्रश्न अखेर त्याला विचारला गेला. विचारणारा अधिकाराच्या खुर्चीतला, शिक्का असलेला, आणि ऐकायला उत्सुक. आणि पलीकडे ओसरीवर मोडक्या मनगटाची आक्का.

सर अंगणात फिरले. एकदा टेकाडाकडे तोंड करून उभे राहिले, एकदा घराकडे. छत्री या काखेतून त्या काखेत गेली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. पण हिशेबात एक पैसाही इकडचा तिकडे न करणारा माणूस खोटं बोलायच्या आधी कसा दिसतो, ते मला माहीत नव्हतं. तो म्हातारा दिसतो.

"कुंपणापाशी," सर म्हणाले. "टेकाड कुंपणापाशी संपतं."

इथे मी मुद्दाम थांबते आणि पुढचं सगळं आधी उरकून घेते. कारण शेवटचं वाक्य माझं नाही, आणि त्याच्यानंतर बोलायची माझी हिंमतही नाही. तर, आक्कांची न्हाणी झाली. त्या खड्ड्याच्या जागी झाली नाही. रस्त्यापलीकडे, लेकाच्या खोलीला लागून झाली, आणि आक्काही तिकडे राहायला गेल्या. निळ्या फरशा, धरायला भिंतीला लोखंडी दांडा. मी स्वतः वापरली आहे, उत्तम आहे. सापबिप निघाला नाही. सर रिटायर झाल्यावर चंद्रपूरला मुलीकडे गेले. मला अजून फोन करतात, आणि आपण फोन केला की पहिला प्रश्न असतो की मंडळी कशी आहेत. तुमची-आमची मुलंबाळं त्यात येत नाहीत, हे लक्षात ठेवायचं. वर्षातून एकदा पुण्याला येतात. आल्यावर आधी आक्कांकडे जातात, मग टेकाडावर. हा क्रम पूर्वी उलटा होता. आक्का त्यांना अजून चुगलखोर म्हणतात. पण दुधाचा चहा देतात, आणि तो फक्त जावयाला मिळतो. हेडक्लार्कनी तर निवृत्तीच्या भाषणात कबूल केलं की शनिवारवाडा तसा अलीकडचाच आहे. मात्र ते वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू आलं.

तर, अंगण. सरांनी सांगितलं, कुंपणापाशी. अधिकाऱ्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. तो मान खाली घालून लिहायला लागला. सर मातीकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. हेडक्लार्कना ते नीट कळलं नसावं, किंवा फार नीट कळलं असावं. त्या माणसाचं काही सांगता येत नाही. ते दोन पावलं पुढे आले, आणि चष्म्याला हातही न लावता, अगदी सौम्यपणे, सगळ्यांच्या देखत सरांना विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आपण आम्हाला सांगत होता, ते चुकीचं होतं म्हणायचं?"

"हो," सर म्हणाले. "चुकलंच माझं. चूक होती माझी, वीस वर्षं."

ओसरीवर तांब्या कलंडल्याचा आवाज झाला. आक्का उठल्या होत्या. मोडकं मनगट, गेलेले गुडघे, कशाचाही आधार न घेता बाई ताठ उभी, आणि बोट त्या डालग्याकडे.

"मास्तर काय बी चुकल्यालं न्हाईत! माझ्याच न्हाणीच्या खड्ड्यात मडकं गावलंय, आत तान्ह्या लेकराची हाडं हायेत. ह्या डालग्याखाली झाकून ठिवलंय म्या, वर माझं लुगडं घातलंय, थंडी हाय म्हून!"